कोठडीतले मरण आणि पुराव्याची पायली

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून कित्येकांस वाटेल की, हा वकिलांचा कज्जा आहे. नांगर धरणाऱ्यास आणि ऐरणीवर घण घालणाऱ्यास त्याचे काय? पण मी असे विचारतो की, पोलीस कोठडीत रात्र कोणाची जाते? ज्याच्या खिशात वकिलाची फी आहे, ज्याचा मेहुणा कचेरीत आहे, तो ठाण्यात खुर्चीवर बसतो आणि चहा पिऊन घरी येतो. भिंतीला पाठ लावून उकिडवा बसतो तो शेतमजूर, गवंडी, वडार, पारधी, हातगाडीवाला. म्हणून कोठडीत माणूस मेला तर पोलिसांवर गुन्हा केव्हा लागतो, कोण लावतो आणि तो शाबीत कसा होतो, हा प्रश्न आपल्याच घरचा आहे. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आपण फार ऐकली. ज्याला कोर्टाबाहेर न्याय मिळतो, त्याला ती शोभते. आपल्याला बाहेर कोणता न्याय मिळतो?

प्रथम एक हकीकत सांगतो. १ डिसेंबर १९८७ रोजी ओरिसा प्रांतात सुंदरगड जिल्ह्यात एका २२ वर्षांच्या तरुणास चोरीच्या तपासाकरिता पोलिसांनी घरून नेले व जेराइकेला येथील चौकीत बांधून ठेवले. त्या रात्री त्याची आई जेवण घेऊन चौकीत गेली. दुसऱ्या दिवशी पोराचे प्रेत रेल्वेच्या रुळावर सापडले. पोलीस म्हणाले, पहाटे त्याने दोर दातांनी चावून तोडला, तो पळाला आणि गाडीखाली सापडला. त्या आईने १९८८ साली दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयास एक पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रासच अर्ज मानले. दोराचे दोन तुकडे प्रयोगशाळेत पाठविले होते. त्यांची तुटलेली टोके एकमेकांशी जुळेनात. डॉक्टरने सांगितले की, अंगावरील जखमा बोथट वस्तूच्या आहेत, लाठीने त्या होऊ शकतात. २४ मार्च १९९३ रोजी न्यायालयाने ठरविले की, हे मरण पोलिसांच्या ताब्यातलेच होय; आणि सरकारने आईला दीड लाख रुपये द्यावेत. आम्ही सार्वभौम आहोत, आम्हाला नोकरांच्या कृत्याची भरपाई लागू नाही, ही सरकारची जुनी सबब अशा कामी चालणार नाही, असेही बजाविले. कायद्याच्या पुस्तकात हा निवाडा नीलबती बेहेरा विरुद्ध ओरिसा सरकार या नावाने प्रसिद्ध आहे.

बंधूंनो, येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. भरपाई मिळाली ती सरकारच्या तिजोरीतून. त्या रात्री काठी कोणी उगारली, त्याचा निवाडा त्या दिवशी झाला नाही. जे जबाबदार असतील त्यांना शोधून त्यांच्यावर खटले भरण्याचे काम न्यायालयाने सरकारवर सोपविले. भरपाई ही एक वाट, आणि गुन्हेगार ठरविणे ही दुसरी. पहिल्या वाटेवर सरकार उत्तर देते; दुसऱ्या वाटेवर एकेका इसमाला उत्तर द्यावे लागते. या दोन वाटांची गल्लत करून "पैसे मिळाले ना, आता गप्प बसा" असे सांगणारे गावोगाव भेटतात. त्यांचे ऐकू नका.

आता गुन्ह्याच्या वाटेविषयी. आपल्याकडे धान्य मोजण्यास चिपटे, मापटे, शेर, पायली अशी मापे होती. जेथे चिपटेभर मागायचे तेथे कोणी पायली मागू लागला, तर त्याला आपण लबाड म्हणतो. पुराव्याचीही अशीच मापे कायद्याने ठरविली आहेत.

फिर्याद नोंदविण्यास चिपटेभर पुरते. दखलपात्र गुन्हा घडल्याची खबर मिळाली की ठाणेदाराने गुन्हा नोंदविलाच पाहिजे, असे ललिता कुमारीच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरविले. आरोपी अंगावर खाकी घालतो, म्हणून हे माप बदलत नाही. पुढे न्यायाधीशाने आरोप ठेवण्यास मापटेभर लागते. म्हणजे कागदपत्रांवरून बळकट संशय दिसला पाहिजे. आणि शिक्षा देण्यास भरलेली पायली लागते. म्हणजे रास्त संशयास जागा उरता कामा नये. हे शेवटचे माप योग्यच आहे. ते चोरासाठी आहे, तुमच्या-आमच्यासाठी आहे आणि पोलिसासाठीही आहे.

लबाडी होते ती अशी की, मेलेल्या माणसाचा बाप ठाण्यात गेला म्हणजे पहिल्याच उंबऱ्यावर त्याच्याकडे पायली मागतात. "मारल्याचा पुरावा आण, मग गुन्हा नोंदवू." अहो, पुरावा गोळा करणे हे तपासाचे काम, आणि तपास सुरू होतो तो फिर्यादीनंतर. पेरण्याआधीच पीक मागण्यातला हा प्रकार झाला.

आपल्याच परभणीचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक खवळले आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात वडार समाजातला, कायदा शिकणारा एक तरुण होता. १५ डिसेंबर रोजी तो न्यायालयीन कोठडीत असता मेला. दंडाधिकाऱ्याच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरी गुन्हा नोंदेना. त्याची आई उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने गुन्हा नोंदविण्याचा हुकूम दिला. सरकार त्यावर दिल्लीला गेले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम कायम ठेवला. कोण दोषी, किती दोषी, हे त्या हुकमाने ठरले नाही, ठरायचेही नव्हते. नुसते चिपटेभर माप पदरात पडावे म्हणून एका माउलीला सात महिने झगडावे लागले. ओरिसाच्या आईने पत्र लिहिले, परभणीच्या आईने अर्ज केला. मधली ३७ वर्षे कोठे गेली?

दुसरा उंबरा सरकारी परवानगीचा. सरकारी नोकराने आपल्या कामाच्या ओघात केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला चालविण्यास वरिष्ठ सरकारची मंजुरी लागते, असे कलम जुन्या फौजदारी कायद्यात १९७ वे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते २१८ वे आहे. हेतू असा की, प्रामाणिक नोकराला कोणीही उठून खोट्या खटल्यात गुंतवू नये. हेतू चांगला. पण कोठडीत माणसाला उलटे टांगणे हे का सरकारी काम? अनेक निवाड्यांत न्यायालयांनी म्हटले आहे की, नाही. परंतु २०२० सालच्या देवराजा निवाड्यात असेही म्हटले आहे की, काम करता करता अतिरेक झाला, तर मंजुरीचे कवच मिळते. या दोन म्हणण्यांच्या फटीत कित्येक खटले अडकून पडतात.

मुंबईत घाटकोपर येथे डिसेंबर २००२ मध्ये बसमध्ये स्फोट झाला. त्या कामी पकडलेला परभणीकडचा एक तरुण अभियंता जानेवारी २००३ मध्ये पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. पोलीस म्हणाले, गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. सोबतच्या आरोपीने सांगितले की, त्याला बेदम मारलेले मी पाहिले. पुढे तपासात १४ पोलिसांची नावे आली. सरकारने मंजुरी दिली ती चौघांपुरती. बाकीच्यांचा दोष होता की नव्हता, हे न्यायाधीशाने पुरावा पाहून ठरवावयाचे होते. ते कचेरीतल्या टेबलावर ठरले.

नव्या संहितेत एक बरी गोष्ट आली आहे. मंजुरीचा निर्णय १२० दिवसांत दिला नाही, तर मंजुरी मिळाली असे समजले जाते. ही मुदत लक्षात ठेवा व वकिलास तिची आठवण द्या. आणि हेही लक्षात ठेवा की, गुन्हा नोंदविण्यास व तपास करण्यास या कलमाखालची मंजुरी लागत नाही. "वरून परवानगी आल्याखेरीज फिर्याद घेता येत नाही" असे कोणी म्हणाला, तर तो तुम्हाला फसवितो.

तिसरा उंबरा सर्वांत उंच, तो पुराव्याचा. छळाला आपल्या कायद्यात शिक्षा नाही असे नव्हे. १८५५ साली मद्रास इलाख्यात चौकशी होऊन उघडकीस आले की, कबुलीसाठी पोलीस आणि सारा वसूल करण्यासाठी महसुली नोकर रयतेचा छळ करतात. १८६० च्या दंडसंहितेत ३३० वे कलम आले, आणि त्याखाली उदाहरणे दिली ती हीच : कबुलीसाठी छळणारा पोलीस, थकबाकीसाठी छळणारा महसुली अंमलदार, खंडासाठी कुळाला छळणारा जमीनदार. साधी दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत, जबर दुखापत केली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आज हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या १२० व्या कलमात आहे. माणूस मेला तर खून किंवा सदोष मनुष्यवध. खोटी नोंद केली, प्रेत नाहीसे केले, तर ते गुन्हे आणखी वेगळे. कलमांचा तोटा नाही. तोटा साक्षीदाराचा आहे.

उत्तर प्रदेशात फतेहपूर जिल्ह्यात एक पस्तिशीतला शेतकरी होता. पोलिसांनी लाच मागितल्याची तक्रार त्याने वरिष्ठांकडे केली होती. २९ ऑगस्ट १९६९ रोजी सकाळी धडधाकट माणूस ठाण्यात नेला, तो त्याच संध्याकाळी मेला. मरण्याआधी त्याने मॅजिस्ट्रेटला सांगितले की, पोलिसांनी मला मारले. एवढे असूनही उच्च न्यायालयात आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली ती सुटका रद्द केली व सदोष मनुष्यवधाबद्दल सात वर्षांची शिक्षा कायम केली. म्हणजे सोळा वर्षे लागली! तेव्हाचे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपल्याच महाराष्ट्राचे. त्यांनी निकालात सरकारला सुचविले की, कोठडीत काय घडले हे पोलिसांखेरीज कोणालाच ठाऊक नसते आणि ते एकमेकांना सांभाळून घेतात. तरी पुराव्याच्या ओझ्याचा कायदा बदलावा. त्याच वर्षी विधी आयोगाने ११३ वा अहवाल दिला. त्यात म्हटले की, माणूस ताब्यात असता त्याला जखमा झाल्या असे दिसले, तर त्या ताबा असलेल्या पोलिसानेच केल्या असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद व्हावी. मग पोलिसाने उलट पुरावा देऊन ती समजूत खोडावी. ही सूचना आजतागायत कायदा झालेली नाही. २०१७ साली आयोगाने २७३ व्या अहवालात ती पुन्हा केली. २०२३ साली पुराव्याचा कायदा सगळा नवा लिहिला, तेव्हाही तिला जागा मिळाली नाही. छळाविरुद्धच्या जागतिक करारावर भारताने १९९७ साली सही केली. पण तो कायम केला नाही. २०१० साली छळबंदीचे विधेयक लोकसभेत मंजूर झाले आणि पुढे वरच्या सभागृहात विरून गेले.

काही विद्वान म्हणतील, आरोपीवर ओझे टाकणे हे आपल्या कायद्याच्या परंपरेत बसत नाही. त्यांना मी देसाईगंजची आठवण देतो. १९७२ साली, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा खटला पोलिसांवर झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपींस सोडले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिची संमती असावी, असा तर्क लढविला. त्यावर देशभर स्त्रिया उठल्या. १९८३ साली कायदा बदलला : ताब्यातल्या स्त्रीशी संबंध आला हे शाबीत झाले आणि ती म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे. १९८६ साली हुंडाबळीच्या बाबतीतही तशीच तरतूद झाली. कारण एकच : बंद दाराआड काय घडले ते आतल्यांनाच ठाऊक. मग कोठडीपेक्षा अधिक बंद दार कोणते? धान्य ज्याच्या पेवात, पेवाची चावी ज्याच्या कमरेला, त्यालाच हिशेब विचारला तर अन्याय कोणता?

काही न्यायमूर्तींनी आहे त्या कायद्यातूनही वाट काढली आहे. मध्य प्रदेशात रामपुरा ठाण्यात एक बंजारा छळाने मेला. तो कोण, कुठला हे ठाऊक असता त्याच्या प्रेताची बेवारस म्हणून विल्हेवाट लावली. खालच्या न्यायालयांत बहुतेक आरोपी सुटले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कोठडीतल्या कामी डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार मिळणे दुर्मीळ. तेव्हा वस्तुस्थितीकडे पाठ फिरवून पुराव्याचा अवाजवी अट्टहास धरला, तर न्यायाचाच पराभव होईल. पण असा न्यायाधीश भेटणे हे नशीब झाले. हक्क नशिबावर सोडता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे, आणि तो आपल्याच घरातून येतो. पोलीस शिपाई कोण? कुणब्याचा, माळ्याचा, धनगराचा पोर. बारा-बारा तास उभा राहतो, सणासुदीला घरी नसतो. त्याच्या गळ्यात फास का घालता? मी म्हणतो, आक्षेप रास्त आहे. कोठडीतले प्रत्येक मरण मारहाणीने होत नाही. कोणी आजाराने मरतो, कोणी जीव देतो. म्हणूनच ती समजूत खोडता येण्यासारखी असावी. ज्या शिपायाने वेळेवर डॉक्टरला दाखविले, खरी नोंद ठेवली, त्याला कॅमेरा आणि डायरीच सोडवील. कायद्याविना जे चालते त्यात बळी कोण जातो ते पाहा : "कबुली काढ" म्हणून हुकूम देणारा साहेब नामानिराळा आणि काठी धरणारा शिपाई आरोपीच्या पिंजऱ्यात. हुकूम देणाऱ्यापर्यंत पोहोचणारा कायदा हा शिपायाचाही तारक आहे.

आता "पळून गेला" या शब्दांविषयी. ओरिसात दोर चावून पळाला; मुंबईच्या कामात अपघातातून पळाला; आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत किरकोळ चोरीच्या आरोपावरून पकडलेला तरुणही पळाला असेच प्रथम सांगण्यात आले. त्याचे जळालेले प्रेत आंबोलीच्या घाटात सापडले आणि पोलिसांवरच खुनाचा खटला उभा राहिला. म्हणून कायद्यातला एक शब्द पाठ करा. ताब्यातला माणूस मेला किंवा नाहीसा झाला, तर पोलिसांच्या तपासाखेरीज दंडाधिकाऱ्याने स्वतंत्र चौकशी केलीच पाहिजे. २००६ पासून हा नियम आहे. आज तो सुरक्षा संहितेच्या १९६ व्या कलमात आहे. पळून गेला असे म्हणून चौकशी टळत नाही.

तर आपण काय करावे? शाबितीचा पहिला खिळा म्हणजे माणूस पोलिसांच्या ताब्यात होता, हे दाखविणे. तो खिळा ठोकणे आपल्या हाती आहे.

माणसाला नेताना तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि छातीवरील पट्टीचे नाव लिहून ठेवा. अटकेचा कागद मागा. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही लागते. हा दंडक डी. के. बसू यांच्या खटल्यात १९९६ साली घातला गेला व पुढे कायद्यात आला. अटकेनंतर डॉक्टरी तपासणी झालीच पाहिजे. तिची नक्कल मागा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. तेथे मार लागला असेल तर भिडस्तपणा सोडून मोठ्याने सांगा व लिहून घ्या म्हणा.

दुर्दैवाने मरण आले, तर प्रेत घाईने जाळू अगर पुरू नका. दंडाधिकाऱ्याच्या चौकशीत हजर राहण्याचा नातेवाइकांना हक्क आहे. तो सोडू नका. शवपरीक्षेच्या अहवालाची नक्कल घ्या. ठाण्यातले कॅमेरे आवाजासह चालू असावेत व चित्रण दीड वर्ष, निदान एक वर्ष, जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा हुकूम आहे. तेव्हा चित्रण राखून ठेवण्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या. ठाण्यात फिर्याद घेत नाहीत, तर जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकास टपालाने पाठवा. तेथेही दाद नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे जा. कोठडीतल्या मृत्यूची खबर २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगास द्यावी, असा १९९३ पासून दंडक आहे. आपणही एक पत्र टाका. वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व कोठडीतले इसम यांना वकील फुकट मिळतो.

आणि एक गोष्ट गावाने करावयाची. नेलेला माणूस चोर असेल, दारुडा असेल, परजातीचा असेल, पालावरचा असेल. "बरे झाले, मार खाऊ दे" असे त्या रात्री कोणी म्हणू नका. चोराला शिक्षा न्यायाधीशाने द्यावयाची आहे. आज पालावरच्या पोराला कोठडीत पडणारी काठी उद्या बांधाच्या भांडणात तुमच्या पोराच्या पाठीवर पडेल. ती काठी जात विचारते खरी, पण जात विचारून थांबत नाही.

मते मागण्यास जे कोणी दारात येतील, त्यांना रस्ता, वीज, पाणी यांबरोबर एवढे विचारा : विधी आयोगाने १९८५ साली सांगितलेले कलम तुम्ही कधी आणणार? चाळीस वर्षे होऊन गेली. जो माणूस सरकारच्या ताब्यात जिवंत गेला, तो जिवंत परत का आला नाही, याचा हिशेब त्याच्या म्हाताऱ्या आईने द्यावा की ज्याच्याकडे कोठडीची किल्ली होती त्याने? याचे उत्तर देण्यास वकिली लागत नाही. ते उत्तर आपण सर्वांनी मिळून मागावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.